विकसनशील देशांत लोकशाही यशस्वी होऊ शकते का?

"या देशाला दहा वर्षं एक कडक हुकूमशहा मिळाला पाहिजे, मग बघा कसा सरळ होतो कारभार!" हे वाक्य तुम्ही कधी ना कधी नक्की ऐकलं असेल. लोकल लेट झाली, नवा रस्ता महिन्याभरात उखडला, युनिव्हर्सिटीचा रिझल्ट रखडला की हे वाक्य ठरलेलं. ते कॅन्टीनमध्ये ऐकू येतं आणि लग्नाच्या पंगतीतही. म्हणणारी माणसं वाईट नसतात, बहुतेक वेळा ती वैतागलेली असतात. पण या वाक्यामागे एक गंभीर प्रश्न आहे. गरिबी, निरक्षरता आणि जातीधर्मांचे भेद असलेल्या देशाला लोकशाही खरंच परवडते का? की ती श्रीमंत देशांची चैन आहे?

आपण इंजिनिअरिंगची मुलं. शाळेत सिव्हिक्स म्हणजे हिस्टरीच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेली थोडीशी पानं, एवढाच आपला आणि या विषयाचा संबंध. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'डेमोक्रसी'ची व्याख्या इंग्रजीतून पाठ होती. तिचा अर्थ मात्र नंतर वाचताना हळूहळू कळत गेला. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

प्रश्नाचे दोन भाग

गणित सोडवण्याआधी 'गिव्हन' आणि 'टू फाइंड' लिहायची आपल्याला सवय असते, तसंच इथेही करूया.

लोकशाही म्हणजे फक्त मतदान नव्हे. मतदान तर इराकमध्ये सद्दाम हुसेनही घेत होता आणि शंभर टक्के मतांनी जिंकत होता. माझ्या मते लोकशाहीच्या तीन साध्या कसोट्या आहेत. एक, रक्त न सांडता सरकार बदलता आलं पाहिजे. दोन, हरलेल्याला तुरुंगात न जाता पुन्हा निवडणूक लढवता आली पाहिजे. तीन, दोन निवडणुकांच्या मधल्या काळातही सरकारला जाब विचारता आला पाहिजे.

आणि 'यशस्वी' म्हणजे काय? इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात. पहिला, अशा देशात लोकशाही टिकते का? दुसरा, टिकली तर ती लोकांच्या उपयोगी पडते का? दोन्हींची उत्तरं वेगळी निघू शकतात, म्हणून एकेक घेऊ.

लोकशाही टिकते का?

अॅडम प्रझेवोर्स्की या राज्यशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९५० ते १९९० या काळातल्या अनेक देशांचा अभ्यास केला. त्यातला एक निष्कर्ष फार गाजला. १९७५ साली अर्जेंटिनाचं जे दरडोई उत्पन्न होतं, त्याच्या वरच्या पातळीवर पोचलेल्या एकाही देशात त्या काळात लोकशाही कोसळली नव्हती. उलट गरीब देशांत ती वारंवार कोसळली होती. म्हणजे हुकूमशहा मागणाऱ्या मित्राच्या बाजूने एक मुद्दा झाला. गरिबी आणि लोकशाहीचं जमत नाही, असं आकडे सांगतात.

पण याच आकड्यांत एक मोठा अपवाद आहे, आणि तो अपवाद म्हणजे आपण.

१९५१ सालचा भारत डोळ्यांसमोर आणा. फाळणी होऊन चार वर्षं झालेली. साक्षरता जेमतेम १८ टक्के. अशा देशाने २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला एकदम मताचा हक्क दिला. जमीन, शिक्षण, कर यांची कसलीच अट नाही. मतदार होते सुमारे १७ कोटी ३० लाख. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे आय.सी.एस. अधिकारी, आणि मुळात गणिताचे विद्यार्थी. त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी इंजिनिअरचा होता. ज्याला वाचता येत नाही, त्याचं मत गुप्त ठेवून अचूक कसं नोंदवायचं?

उत्तर साधं निघालं. प्रत्येक पक्षाला चिन्ह द्यायचं आणि केंद्रावर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर ते चिन्ह लावायचं. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, काही लिहायचं नाही. कुणी दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसली जाणारी शाई. लोखंडी पेट्या लाखोंनी लागल्या. त्यातल्या कितीतरी मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलमधल्या चिनी भागात पहिलं मतदान झालं, कारण तिथले रस्ते नंतर बर्फाने बंद होणार होते. हे सगळं आटोपायला फेब्रुवारी १९५२ उजाडला. सुमारे ४५ टक्के लोकांनी मत दिलं.

त्यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. मतदार नोंदवायला माणसं घरोघरी गेली, तेव्हा उत्तरेतल्या अनेक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. सेन यांनी ठरवलं की स्वतःच्या नावाशिवाय नोंद होणार नाही. त्यामुळे सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. निर्णय कठोर होता, त्यावर आरडाओरड झाली. पण पुढच्या निवडणुकीआधी बायका नाव सांगायला लागल्या. सरकारी कागदावर आपलं स्वतःचं नाव, तेही नवऱ्याच्या नावाआडून नाही! पुढे १९५३ साली सुदानची निवडणूक घ्यायलाही सेन यांनाच बोलावलं गेलं.

आता शेजारी बघा. पाकिस्तान आणि आपण एकाच वेळी स्वतंत्र झालो, दोघांची गरिबी सारखी, कायदे इंग्रजांचेच. आपली राज्यघटना नोव्हेंबर १९४९ मध्ये स्वीकारली गेली. त्यांची १९५६ मध्ये आली आणि दोनच वर्षांनी लष्कराने सत्ता घेतली. संपूर्ण पाकिस्तानात प्रौढ मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती डिसेंबर १९७० मध्ये. ३०० पैकी १६० जागा शेख मुजीबूर रहमान यांच्या अवामी लीगला मिळाल्या, म्हणजे स्पष्ट बहुमत. पण त्यांना सत्ता दिलीच गेली नाही. त्यातून दडपशाही, युद्ध आणि १९७१ मध्ये देशाचे दोन तुकडे. जिंकलेल्याला खुर्ची न देण्याची किंमत एवढी मोठी असू शकते. आजपर्यंत पाकिस्तानच्या एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांची मुदत पूर्ण केलेली नाही.

म्हणजे गरिबी दोन्हीकडे सारखी असूनही निकाल वेगळा लागला. याचा अर्थ गरिबी हे एकच कारण नाही. लष्कर निवडून आलेल्यांच्या हाताखाली राहिलं का, निवडणूक घेणारी यंत्रणा कुणाच्या खिशात नव्हती ना, आणि हरलेल्याने हार मानली का, यावर फार काही अवलंबून असतं.

हरलेल्याने हार मानणं ही गोष्ट आपल्याला किरकोळ वाटते. १९७५ मध्ये आपल्याकडे आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप आली, विरोधी नेते तुरुंगात गेले. आपलीही गाडी रुळावरून घसरलीच होती. पण मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्या आणि पायउतार झाल्या. १९८० मध्ये लोकांनी त्यांनाच परत निवडून दिलं. ज्या मतदाराला आपण 'अडाणी' म्हणतो, त्याने तीन वर्षांत दोन वेळा सरकार बदलून दाखवलं.

अपवाद फक्त भारताचा नाही. आफ्रिकेतला बोट्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अतिशय गरीब देशांपैकी एक होता. तिथे तेव्हापासून नियमित निवडणुका होत आल्या आहेत. एकच पक्ष ५८ वर्षं जिंकत होता, तो २०२४ मध्ये हरला आणि राष्ट्राध्यक्ष मसिसी यांनी पराभव मान्य करून सत्ता सोडली. घानामध्ये २००१ पासून सत्ता अनेकदा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे शांततेत गेली आहे. अर्थात उलटी उदाहरणंही आहेत. माली (२०२०), बुर्किना फासो (२०२२) आणि नायजर (२०२३) इथे लष्कराने सत्ता बळकावली. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की लोकशाही गरीब देशातही टिकू शकते, पण आपोआप टिकत नाही.

पण उपयोगी पडते का?

आता हुकूमशहावाला मित्र म्हणेल, "टिकली ना, मग काय? चीन बघ, सिंगापूर बघ, साऊथ कोरिया बघ. कुठे पोचले ते!"

हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. या देशांनी झपाट्याने प्रगती केली हे खरंच आहे. शिक्षण आणि आरोग्य यांत चीन आपल्या पुढे गेला हेही खरं. पण या युक्तिवादात सॅम्पलची गडबड आहे. आपण फक्त पास झालेल्या मुलांचे मार्क बघतो आहोत. काँगोमध्ये (तेव्हाचं झाईर) मोबुटूने १९६५ ते १९९७ राज्य केलं आणि इतका श्रीमंत खनिजांचा देश कंगाल करून ठेवला. म्यानमारमध्ये १९६२ पासून दशकानुदशकं लष्कर होतं. तिथे कुठे सिंगापूर झालं? हुकूमशहा मागताना 'ली कुआन यू पाठवा, मोबुटू नको' अशी ऑर्डर देता येत नाही. आणि चुकीचा माणूस आला तर पार्सल परत करायची सोयही नाही.

शिवाय कोरियातल्या लोकांना विचारा. त्यांनी १९८७ मध्ये रस्त्यावर उतरून थेट निवडणूक मिळवली. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी मार्शल लॉ पुकारला, तेव्हा संसद सदस्य रात्रीच सभागृहात पोचले आणि काही तासांत तो रद्द करायला लावला. हुकूमशाहीने ज्यांचा 'विकास' केला म्हणतात, त्यांनाच ती परत नको आहे.

आता दुष्काळाचं उदाहरण घेऊ. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं की ज्या देशात नियमित निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं आहेत, तिथे मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाही. १९४३ मध्ये ब्रिटिश राजवटीत बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसं मेली. चीनमध्ये १९५८ नंतरच्या 'ग्रेट लीप'च्या काळात दीड ते साडेचार कोटी माणसं मेली असावीत असे वेगवेगळे अंदाज आहेत. खालचे अधिकारी वर खोटे, फुगवलेले धान्याचे आकडे पाठवत होते. खरं बोलणाऱ्याला शिक्षा होती. वर बसलेल्यांना वाटत होतं, पीक भरघोस आहे.

आणि आपला महाराष्ट्र? १९७२-७३ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांनी पाहिला आहे. मिलो खाल्ल्याच्या, खडी फोडायला गेल्याच्या गोष्टी ग्रामीण भागातल्या जवळपास प्रत्येक घरात आहेत. पाऊस सलग फसला होता, धान्य नव्हतं. तरी बंगालसारखं झालं नाही. कारण मोर्चे निघत होते, विधानसभेत आवाज उठत होता, पेपरांत बातम्या येत होत्या, आणि सरकारला दुष्काळी कामं काढावीच लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्याआधी वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात रोजगाराच्या हमीचा प्रयोग केला होता. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, ही कल्पना. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी जो रोजगार हमी कायदा केला, त्याच्या आधी महाराष्ट्राचा हा अनुभव होता. दुष्काळी गावातल्या माणसाकडे मत नसतं, तर त्याची हाक मुंबईपर्यंत पोचली असती का?

कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत

हे वाचताना मला थर्ड इयरचा कंट्रोल सिस्टिम्स हा विषय आठवत राहिला. ओपन लूप आणि क्लोज्ड लूप आपण सगळ्यांनी केलं आहे. साधं टायमरवालं वॉशिंग मशीन हे ओपन लूप. कपडे स्वच्छ झाले की नाही हे त्याला माहीतच नसतं, टायमर संपला की काम संपलं. एसी हा क्लोज्ड लूप. खोलीचं तापमान मोजतो, हवं त्याच्याशी ताडून पाहतो आणि फरकाप्रमाणे चालतो.

हुकूमशाही म्हणजे ओपन लूप. सेटिंग बरोबर असेल तर काम सुसाट होतं, मध्ये कुणी अडवत नाही. पण सेटिंग चुकलं तर ते चुकलंय हे कळायला मार्गच नाही, कारण सेन्सर आपणच काढून टाकलेला असतो. चीनमधल्या फुगवलेल्या आकड्यांचं तेच झालं. लोकशाहीत फीडबॅक असतो, म्हणून ती हळू वाटते. निषेध, कोर्टकेस, विरोधी पक्षाचा गोंधळ, हे सगळं आपल्याला अडथळा वाटतं. पण हेच सेन्सर आहेत.

मात्र फीडबॅक लावला की सिस्टिम आपोआप स्टेबल होते असं नाही, हेही आपण शिकलोय. सेन्सर खराब असेल, सिग्नलमध्ये नॉइज असेल किंवा डिले जास्त असेल, तर क्लोज्ड लूपही बिघडतो. आपल्या अडचणी नेमक्या इथेच आहेत.

आपला लूप कुठे बिघडला आहे?

पहिली गोष्ट, सिग्नल सगळ्यांचा सारखा पोचत नाही. अमर्त्य सेन यांनीच हे बजावलं आहे. भूकबळी दिसतात, त्यांचे फोटो छापून येतात, म्हणून सरकार हलतं. पण रोजचं कुपोषण फोटोत येत नाही. मेळघाटातलं मूल हळूहळू अशक्त होतं, त्याची हेडलाइन होत नाही. दुष्काळ टाळणारी आपली लोकशाही कुपोषण मात्र संपवू शकलेली नाही.

दुसरी गोष्ट, डिले. पाच वर्षांतून एकदा मत म्हणजे फारच कमी सॅम्पलिंग. म्हणून मधल्या काळासाठी ग्रामसभा, माहितीचा अधिकार, स्थानिक संस्था लागतात. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली ती याचसाठी. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत बायकांसाठी निम्म्या जागा राखल्या. पण त्याच महाराष्ट्रात मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे. इतर अनेक शहरांचीही तीच गत. आमच्या वॉर्डातही ड्रेनेजची तक्रार कुणाकडे न्यायची हा प्रश्न होता. आधीचे नगरसेवक म्हणायचे, "आता माझ्या हातात काही नाही." ऑफिसात गेलं तर, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." प्रशासक कदाचित चांगलंच काम करत असेल, पण त्याला पुढच्या वर्षी आमच्या दारात मत मागायला यायचं नाही. हा लूप उघडा पडणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

तिसरी गोष्ट, नॉइज. पैसा, जात, गुंडगिरी आणि आता मोबाईलवरच्या खोट्या बातम्या. सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे २००३ पासून उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे आणि मालमत्ता शपथपत्रात जाहीर करावी लागते. आपल्यापैकी किती जण ते वाचतात?

चौथी गोष्ट सगळ्यात खोल आहे, आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात आधीच सांगून ठेवली होती. राजकारणात एक माणूस एक मत अशी समता येणार, पण समाजात आणि अर्थव्यवस्थेत विषमताच राहणार. ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर जे भरडले जातात तेच हा डोलारा उडवून देतील, असा त्यांचा इशारा होता. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. दहा वर्षांसाठी हुकूमशहा मागणारं वाक्य मी ऐकते तेव्हा मला हा इशारा आठवतो.

मग यशस्वी व्हायला काय लागतं?

माझ्या वाचनातून मला चार गोष्टी दिसतात.

१) निवडणूक घेणारी यंत्रणा आणि न्यायालयं सरकारच्या धाकात नसावीत, आणि तसा लोकांचा विश्वासही असावा.

२) लष्कराने बराकीत राहावं, आणि हरलेल्याने हार मानावी.

३) प्राथमिक शिक्षण आणि आरोग्य सगळ्यांना मिळावं. शिक्षण नसेल तर लोकशाही येत नाही असं नाही, हे १९५१ ने दाखवलं. पण त्याशिवाय ती चांगली चालत नाही.

४) ज्यांच्याकडे शिक्षण आणि आवाज आहे, त्यांनी तो वापरावा.

चौथा मुद्दा सरळ आपल्यावर येतो. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते १९८९ मध्ये, म्हणजे आपल्या पिढीला हा हक्क न मागता मिळाला. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मी पहिलं मत दिलं. तेव्हा हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी दोन दिवसांची मजुरी बुडवून, स्वतःच्या खर्चाने एस.टी. पकडून गावी मत द्यायला गेल्या होत्या. "मावशी, एवढा खर्च कशाला केलात?" असं विचारलं तर म्हणाल्या, "अगं पोरी, त्या एका दिवशी तर आमची मोजदाद होते. बाकी कोण विचारतं?" त्याच सुट्टीत हॉस्टेलची अर्धी मुलं लोणावळ्याला गेली होती. 'अडाणी लोकांमुळे लोकशाही फेल होते' असं म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात.

थोडक्यात, विकसनशील देशांत लोकशाही यशस्वी होऊ शकते का? माझं उत्तर 'हो' आहे. ती टिकू शकते हे भारत, बोट्सवाना, घाना यांनी दाखवलं. ती जीव वाचवते हे १९७२ च्या महाराष्ट्राने दाखवलं. ती सगळे प्रश्न आपोआप सोडवत नाही, हेही तितकंच खरं. श्रीमंत देशाची लोकशाही चुकली तर तिथल्या माणसाची गैरसोय होते. गरीब देशात जाब विचारता आला नाही, तर माणसं उपाशी मरतात. म्हणून मला वाटतं की लोकशाहीची गरज गरिबालाच जास्त आहे.

शेवटी, कॉलेजमधल्या प्रत्येकाला एक सांगणं. अठरा पूर्ण झाली असतील आणि नाव मतदार यादीत नसेल, तर फॉर्म ६ भरा. सबमिशन्सच्या गडबडीतही दहा मिनिटं निघतील.